सूर्य, तारे आणि दोन चंद्र: धर्मयुद्धाची एक कादंबरी गोव्यात बसून वाचताना

कादंबरी धर्मयुद्धाची आहे असं कळलं, की वाचक आधी आपली बाजू शोधतो. ऐतिहासिक कादंबरीत तर शोधावीही लागत नाही. नाव वाचलं की कळतं, हा आपला, तो त्यांचा. आपल्याकडच्या माणसाने वार केला तर पराक्रम आणि समोरच्याने केला तर क्रौर्य, हा हिशेब मनात आपोआप मांडला जातो. गोव्यात हे जरा जास्तच होतं, कारण इथे सोळाव्या शतकाबद्दल तटस्थपणे बोलणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

गाय गॅव्हरिएल के या कॅनेडियन लेखकाची ‘द लायन्स ऑफ अल-रसान’ ही १९९५ साली आलेली कादंबरी नेमका हाच हिशेब बिघडवते. ती फँटसी म्हणून विकली जाते, पण ड्रॅगन आणि जादूगारांच्या आशेने उघडाल तर फसाल. जादूच्या नावाखाली तिथे आहे काय, तर आकाशात एकाऐवजी दोन चंद्र, एक पांढरा आणि एक निळसर. शिवाय एका लहान मुलाला घरच्यांवर येणारं संकट दूर असूनही आधी कळतं. बाकी सगळं अकराव्या शतकातलं स्पेन आहे, नावं बदललेलं.

मग नावं बदलायची कशाला, सरळ स्पेनच का लिहू नये? कादंबरीची सगळी गंमत या प्रश्नात आहे.

या जगात तीन धर्म आहेत. जॅडाइट लोक जॅड नावाच्या सूर्यदेवाला मानतात. अशराइट लोक अशर या प्रेषिताचे अनुयायी, त्यांची प्रार्थना ताऱ्यांखाली चालते. आणि किंडाथ नावाचा लहानसा, भटका समाज दोन चंद्रांना देवाच्या बहिणी मानतो. मध्ययुगातले ख्रिस्ती, मुसलमान आणि ज्यू हे यांचे मूळ नमुने, हे शाळकरी मुलालाही ओळखता येईल. लेखकाला ते लपवायचंही नाही. पण नाव बदलल्यामुळे एक फरक पडतो. सूर्याच्या बाजूने किंवा ताऱ्यांच्या बाजूने तुमच्या मनात आधीपासून काहीच नसतं. तुमच्या आजीने ताऱ्यांवाल्यांविषयी काही सांगितलेलं नसतं, सूर्यवाल्यांनी तुमच्या गावचं देऊळ पाडलेलं नसतं. बाजू घ्यायची तर माणसं बघूनच घ्यावी लागते, आणि माणसं तिन्हीकडे चांगली निघतात. पंचाईत तिथून सुरू होते.

आणखी एक गोष्ट मला चलाखीची वाटली. या धर्मांचं तत्त्वज्ञान लेखक जवळजवळ सांगतच नाही. आत्म्याचं काय होतं, मोक्ष कसा मिळतो, यावर वादविवाद नाहीत. तरीही युद्ध होतं. म्हणजे ज्याला आपण धर्मयुद्ध म्हणतो त्यातलं बरंचसं धर्मग्रंथ न उघडता सांगता येतं. सांगायला काय लागतं, तर खजिन्याचा हिशेब, गादीचे वारस आणि सीमेवरच्या गावांची यादी.

तो हिशेब आधी समजून घेऊ. द्वीपकल्पाच्या दक्षिणेला अल-रसान, ताऱ्यांवाल्यांचा मुलूख. एकेकाळी तिथे बलाढ्य खिलाफत होती. कथा सुरू होते तेव्हा ती कोसळलेली असून प्रत्येक शहरात वेगळा राजा बसला आहे. उत्तरेला सूर्यवाल्यांची तीन राज्यं, तीही एकमेकांच्या जिवावर उठलेली. खऱ्या स्पेनमध्ये कोर्दोबाची खिलाफत १०३१ साली संपली आणि तिचे पंचवीस-तीस तुकडे झाले. श्रीमंत, सुसंस्कृत, कवींना सोन्याने तोलणारी, पण फौजेत दुबळी अशी ती शहरं होती. उत्तरेचे ख्रिस्ती राजे त्यांच्याकडून दरवर्षी सोनं घेत. त्या खंडणीला पारिया म्हणत. मराठी वाचकाला हे चटकन कळतं, कारण आपल्याकडे चौथाईचं गणित हेच होतं: वर्षाला इतकं द्या, आम्ही लुटणार नाही आणि दुसऱ्यालाही लुटू देणार नाही.

हे सोनं कुठून यायचं? रयतेवर जादा कर बसवून. इस्लामी शास्त्रात न बसणारे कर मुसलमान राजे मुसलमान रयतेवर लादत होते, तेही ख्रिस्ती राजांना पोसायला. मशिदीतल्या धर्मगुरूला आयतं हत्यार मिळालं. ‘तुमचा राजा धर्मभ्रष्ट आहे’ हे वाक्य एरवी हवेत विरून गेलं असतं, पण कराने पिचलेल्या माणसाला ते पटतं. दुसरीकडे त्याच सोन्यावर उत्तरेत घोडेस्वार पोसले जात होते, आणि पोसलेल्या फौजेला काम लागतं. दोन्हीकडची कडवी माणसं एकाच थैलीतून निघाली, असं म्हणायला हरकत नाही. कादंबरीतही पहिली ठिणगी पडते ती खंडणीच्या गावात.

त्या गावाचं नाव फेझाना. तिथे जेहान नावाची किंडाथ वैद्य आहे. बापाचं वैद्यक तिने चालवलं आहे. बापाने कधीकाळी अल-रसानमधल्याच कार्ताडा शहराच्या राजाच्या रखेलीचं बाळंतपण पोट चिरून केलं आणि दोघांचेही जीव वाचवले. पण राजाच्या बाईला त्याने उघडं पाहिलं म्हणून त्याचे डोळे काढले आणि जीभ छाटली. लेखक हे चार ओळींत सांगतो आणि पुढे जातो. राज्यकर्त्यांच्या औदार्यावर जगणाऱ्या समाजाची पायरी किती निसरडी असते, ते वाचकाला तेवढ्यात कळून चुकतं.

एका सकाळी जेहानकडे हुसारी नावाचा रेशमाचा व्यापारी आलेला असतो. मुतखड्याने विव्हळत. त्याच दिवशी किल्ल्यात मोठा समारंभ आहे. गावातल्या सगळ्या प्रतिष्ठितांना आमंत्रण आहे, त्यालाही आहे, आणि त्याला जायचंच आहे, कारण अशा आमंत्रणाला न जाणं म्हणजे राजाचा रोष. पण कळा अशा की उभं राहता येत नाही. तो जात नाही. जे गेले त्यांना एकेक करून आतल्या चौकात नेलं, मुंडकी उडवली आणि धडं खंदकात टाकली. फेझाना बंड करील या संशयाने कार्ताडाच्या राजाने गावाचं सगळं पुढारपण एका दुपारी संपवलं. मारणारे ताऱ्यांवाले आणि मरणारेही ताऱ्यांवालेच. धर्मयुद्धाच्या कादंबरीतली पहिली मोठी कत्तल धर्मबांधवांनी धर्मबांधवांची केलेली आहे, हे लेखकाने उगाच केलेलं नाही. खऱ्या तोलेदो शहरातही अशी खंदकाची कत्तल झाल्याची हकिगत आहे, कादंबरीच्या काळाच्या तीनेकशे वर्षं आधीची.

मुतखड्याने वाचलेला हुसारी पुढे पूर्ण बदलतो. सुखवस्तू, गोलमटोल शेठजी सूड घ्यायला निघतो, आणि जेहानलाही गाव सोडावं लागतं. युद्धाची गोष्ट रोग्याच्या खाटेपासून सुरू करायची ही युक्ती मला फार आवडली.

आता दोन नायक. सूर्यवाल्यांचा सेनापती रॉड्रिगो बेलमोंते आणि ताऱ्यांवाल्यांचा कवी, मुत्सद्दी, मारेकरी अम्मार इब्न खैरान. दोघेही आपापल्या राजाच्या दरबारातून हद्दपार होतात आणि दोघेही रगोसा या ताऱ्यांवाल्यांच्या शहरात चाकरीला येतात. तिथला राजा अशराइट, त्याचा वजीर किंडाथ, आणि पदरी आता सूर्यवाला सेनापती. नव्या वाचकाला इथे प्रश्न पडतो: धर्मयुद्धाच्या गोष्टीत शत्रुधर्माच्या राजाकडे नोकरी?

मराठी माणसाला तरी हा प्रश्न पडू नये. शहाजीराजे निजामशाहीत होते, मधे मोगलांकडे गेले, पुढे आदिलशाहीत राहिले. त्या काळात तलवार हा व्यवसाय होता आणि निष्ठा वतनाला आणि दिल्या शब्दाला चिकटलेली असे. रॉड्रिगोचा मूळ नमुना म्हणजे रोद्रिगो दियास दे विवार, एल सिद या नावाने स्पेनचा राष्ट्रवीर झालेला योद्धा. ख्रिस्ती राजाने त्याला १०८१ साली हाकलल्यावर त्याने सारागोसाच्या मुसलमान राजाची चाकरी पत्करली आणि काही लढाया ख्रिस्ती सरदारांविरुद्धच जिंकल्या. १०९४ साली वालेन्सिया घेतलं ते स्वतःसाठी. नंतरच्या शतकांनी त्याचा पुतळा केला आणि त्याच्या हाती निव्वळ धर्माची तलवार दिली. असे पुतळे कसे घडवतात हे आपल्याला वेगळं शिकवायला नको.

रगोसाचा भाग कादंबरीतला सर्वांत उजेडाचा. तिथे कार्निव्हल होतो. सगळं शहर मुखवटे घालून रस्त्यावर येतं आणि कोण कोणत्या देवाचा हे एका रात्रीपुरतं कुणी विचारत नाही. पणजीत राहणाऱ्याला हे वाचताना अठरा जून रस्त्यावरची गर्दी आठवल्याशिवाय राहणार नाही, फक्त प्रायोजकांचे फलक वजा करून.

मग ही व्यवस्था मोडते कशी? कादंबरीचं उत्तर असं, की ती आतून कुजते आणि बाहेरून ढकलली जाते. ढकलणारे दोन आहेत. समुद्रापलीकडच्या वाळवंटात मुवार्दी नावाचे कडवे, तोंड झाकून फिरणारे ताऱ्यांवाले योद्धे आहेत. रगोसातली कविता, मद्य, किंडाथ वजीर, सगळ्याचाच त्यांना तिटकारा. दुसरीकडे उत्तरेच्या पलीकडून आलेले सूर्यधर्माचे गुरू. तिन्ही राजांनी भांडणं मिटवून पवित्र युद्धाला उभं राहावं म्हणून ते कट करायलाही मागेपुढे पाहत नाहीत. दोघेही परके, दोघांनाही या भूमीची सवय नाही, आणि दोघांनाही तिथली सरमिसळ म्हणजे पाप वाटतं.

इतिहासात हे असंच झालं. १०८५ साली ख्रिस्ती राजा सहावा आल्फोन्सो याने तोलेदो घेतलं. सेविलचा राजा अल-मुतामिद हादरला आणि त्याने आफ्रिकेतून अल-मुराबितांना, म्हणजे कादंबरीतल्या मुवार्दींच्या मूळ नमुन्यांना, बोलावलं. त्यांनी १०८६ साली सग्राहासच्या लढाईत आल्फोन्सोचा पराभव केला. पण मदतीला आलेला पाहुणा घर बघून ठेवतो. १०९० साली ते पुन्हा आले, बेकायदा कर रद्द करण्याचं आश्वासन देत, आणि एकेक शहर गिळत गेले. अल-मुतामिद स्वतः मोरोक्कोत कैदेत मेला, कविता लिहीत. तो मेला ते वर्ष १०९५. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पोपने पहिल्या क्रुसेडची, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या ख्रिस्ती धर्मयुद्धाची, हाक दिली.

परक्या तलवारीला आपणच दार उघडून द्यायचं, हे गोव्यालाही ओळखीचं आहे. १५१० साली पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कला गोव्यावर चाल करायला सुचवणारा तिमय्या हा हिंदू आरमारी सरदार होता. त्याचं वैर आदिलशाहीशी, आणि पोर्तुगीज हे त्याच्या दृष्टीने हाताशी आलेलं हत्यार. त्या वर्षी २५ नोव्हेंबरला शहर पडलं, तिथल्या मुसलमानांची कत्तल झाली. तीस वर्षांत, १५४० च्या सुमारास, तिसवाडीतली देवळं पडू लागली. तिमय्या तोपर्यंत कुणाच्या खिजगणतीत नव्हता. मंगेश कुठ्ठाळीहून, म्हाळसा वेर्ण्याहून, शांतादुर्गा केळशीहून जुवारी नदीपलीकडे अंत्रूजात (आजच्या फोंडा भागात) गेली, म्हणजे पोर्तुगीजांपासून वाचण्यासाठी आदिलशहाच्या मुलखात. हे सगळ्यांना पाठ आहे, पण एक मुसलमान राज्य हिंदू देवांचा आसरा ठरलं, हे आपण पटकन ओलांडून जातो. के यांच्या कादंबरीत ते आलं असतं तर समीक्षकांनी ‘जरा जास्तच जुळवून आणलंय’ म्हटलं असतं.

परत किंडाथांकडे येतो, कारण मला विचाराल तर ही कादंबरी त्यांची आहे. दोन मोठे धर्म एकमेकांशी लढायला निघाले की आधी मरतो तो तिसरा. त्याचं कारण साधं आहे. शत्रू दूर असतो, तटबंदीमागे असतो, शस्त्रं घेऊन असतो. किंडाथ मोहल्ला शेजारच्या गल्लीत असतो. कादंबरीत पवित्र युद्धाला निघालेले सैनिक सोरेनिका नावाच्या बंदरात जहाजांची वाट बघत हिवाळा काढतात, कंटाळतात, आणि तिथल्या किंडाथ वस्तीवर तुटून पडतात. युद्धभूमी अजून शेकडो कोस दूर आहे. पुढे फेझानातही तेच होतं, फक्त जमाव ताऱ्यांवाल्यांचा. इतिहासातलं याचं मूळ दोन ठिकाणी आहे. १०६६ साली ग्रानादात ज्यू वजिराला मारून जमावाने ज्यू वस्ती कापली. १०९६ साली क्रुसेडला निघालेल्या टोळ्यांनी जेरुसलेमला पोहोचण्याच्या कितीतरी आधी, ऱ्हाईन नदीकाठच्या शहरांतले ज्यू मारले. एकीकडे मारणारे मुसलमान, दुसरीकडे ख्रिस्ती.

जेहानसारखा वैद्य खरोखर असता तर त्याचं पुढे काय झालं असतं? कादंबरीच्या काळानंतर चारशे वर्षांनी, १४९२ साली, स्पेनने ज्यूंना हाकललं. कित्येक पोर्तुगालात गेले, आणि १४९७ साली तिथे त्यांचं सक्तीने धर्मांतर झालं. अशाच एका घरातला मुलगा सालामांका आणि अल्कालाला वैद्यक शिकला आणि १५३४ साली गोव्यात उतरला. त्याचं नाव गार्सिया द ओर्ता. पणजीच्या चर्चसमोरची बाग त्याच्या नावाची आहे. तिला आपण म्युनिसिपल गार्डन म्हणतो आणि बाकावर बसून शेंगदाणे खातो.

ओर्ताने अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार केले. मुंबई बेट ओर्ताकडे भाडेपट्ट्याने होतं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात तो एका काल्पनिक स्पॅनिश डॉक्टरशी गप्पा मारतो. आंबा, नारळ, हिंग, पटकी, एकेका विषयावर एकेक संवाद. युरोपातले जुने ग्रंथ सांगतात ते एकीकडे आणि गोव्याच्या बाजारात दिसतं ते दुसरीकडे, असा त्याचा खाक्या. मधेच घरातली नोकर मुलगी हवी ती वनस्पती आणून देते, एक हिंदू वैद्यही येऊन बोलतो. ख्रिस्ती सत्तेखाली राहून मुसलमान सुलतानाची नाडी बघणारा आणि हिंदू वैद्यांकडून शिकणारा हा ज्यू वंशाचा माणूस रगोसाच्या दरबारात सहज खपून गेला असता.

पण गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना हुडकून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, आलं होतं. आपण त्याला हिंदूंवरच्या छळाचं यंत्र म्हणून ओळखतो आणि ते खरंच आहे. मात्र या नव्या ख्रिस्ती झालेल्या ज्यूंवर, ते गुपचूप जुना धर्म पाळतात या संशयावरून, त्याची पहिल्यापासून नजर होती. ओर्ता १५६८ साली अंथरुणावर वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळलं. चौकशीत निघालं की ओर्ताही मनाने ज्यूच होता. मग १५८० साली त्याची हाडं उकरून काढली आणि जाळली. मेलेल्या माणसाला शिक्षा देण्याची ही रीत कादंबरीकाराने कल्पनेतून आणली असती तर वाचकाला ती अतिरंजित वाटली असती. इन्क्विझिशन कायमचं बंद झालं १८१२ साली.

आता तक्रारी. के यांचं रगोसा जरा जास्तच गोड आहे. खऱ्या अंदलुसियात, म्हणजे मुसलमानी स्पेनमध्ये, ख्रिस्ती आणि ज्यू प्रजेला जिझिया भरावा लागे आणि त्यांचा दर्जा कायद्यानेच दुय्यम होता. राजाची मर्जी होती तोवर वजीर, ती गेली की ग्रानादाचं १०६६. तिन्ही धर्म गुण्यागोविंदाने नांदत होते या चित्रावर इतिहासकारांत कडाक्याचे वाद आहेत. लेखकाला हरवलेल्या सुवर्णयुगाचा उमाळा आहे आणि तो वाचकाच्या घशाशीही आणतो. गोव्यातही सलोख्याच्या गोष्टी सांगताना आपण हेच करतो. हिंदूंची लईराई देवी आणि ख्रिस्त्यांची मिलाग्र सायबीण बहिणी, हे अगदी खरं आणि सुंदर आहे, पण ते नातं कशा काळातून निभावलं गेलं ते सांगायचं राहून जातं.

दुसरी तक्रार नायकांबद्दल. रॉड्रिगो आणि अम्मार लढण्यात, बोलण्यात, प्रेमात, सगळ्यातच अव्वल आहेत. कधीतरी एकाला तरी सर्दी व्हावी असं वाटतं. आणि कोण मेलं ते माहीत असूनही मुद्दाम पानभर लपवायचं, ही लेखकाची खोड आहे. शेवटच्या द्वंद्वात तर तो तिचा कळस करतो. द्वंद्व कुणाकुणात ते तुम्ही ओळखलं असेलच. निकाल मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहतात तेव्हा कुणाच्याही मनात द्वेष नसतो. दोघांनाही पलीकडे जाऊन उभं राहायला जागा उरलेली नसते, कारण रगोसासारखी मधली गावं तोवर नकाशावरून पुसली गेलेली असतात.

वाचायला बसणार असाल तर एक व्यावहारिक सूचना. सुरुवातीला नावांचा भडिमार आहे. एकाच नावाचे बाप-लेक राजे आहेत, शिवाय उत्तरेचे तीन राजे नात्याने एकमेकांत गुंतलेले. पुस्तकात नकाशा आहे, तो आधी नीट बघा आणि एका कागदावर तीन रकाने करून नावं लिहीत चला: सूर्य, तारे, चंद्र. रगोसा येईपर्यंत कागद लागतो. पुढे कोणतं नाव कुठल्या रकान्यातलं, हे तुमच्याच लक्षात राहीनासं होतं.